परतीची सही

वेधशाळा वसाहत
१२ ऑक्टोबर २०२५

ती. किशनमामांस,
पल्लवीचा सप्रेम जय भीम.

इथे येऊन दहा दिवस झाले. फोनवर मामीला सगळं सांगितलं आहे, पण मामी तुमच्यापर्यंत काय पोहोचवते ते मला चांगलं ठाऊक आहे. मी म्हणाले असेन "थंडी आहे," आणि तिनं तुमच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं असणार, "पोरगी गारठून गेली हो!" तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअॅप तुम्हाला पटत नाही. "ज्यात खोडलेलं दिसत न्हाई ते लिहिणंच न्हाई," हे तुमचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकते आहे. म्हणून हे पत्र. टपाल आठवड्यातून दोनदा रेशनच्या जीपमधून खाली जातं.

डोंगर आठ हजार फुटांचा. वर एक पांढरा घुमट, त्यात दुर्बीण. तिचा आरसा तुमच्या गोरेगावच्या घराच्या पुढच्या खोलीएवढा आहे. आईला वाटतं मी रात्रभर डोळा लावून बसते. इथे कुणीच डोळा लावत नाही. खालच्या खोलीत स्क्रीन आहेत, शास्त्रज्ञ सांगतात कुठे बघायचं, मी दुर्बीण तिकडे वळवते आणि घुमट तिच्याबरोबर फिरवते. दमटपणा वाढला, वारा सुटला, की घुमट बंद करायचा. तो निर्णय फक्त ऑपरेटरचा. पहिल्याच आठवड्यात एक मोठे साहेब "और दस मिनट" म्हणत राहिले आणि मी बंद केला. तेव्हा तुमची आठवण झाली. तुम्ही सबस्टेशनमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होता, मीही आता ऑपरेटर झाले.

लाइनमन खांबावर चढताना तुमच्या परमिटच्या वहीत सही करायचा आणि उतरला की परतीची सही, तसंच इथेही आहे. घुमटात कामाला जाणाऱ्यानं फळ्यावरचा आपल्या नंबरचा लाल बिल्ला काढून खिशात टाकायचा, खाली आला की स्वतःच्या हातानं परत अडकवायचा. सगळे बिल्ले फळ्यावर असल्याशिवाय ऑपरेटरनं काही हलवायचं नाही. दिवसपाळीचा मेकॅनिक संतराम म्हणून आहे, पन्नाशीचा, याच डोंगरातल्या गावचा. मला "ऑपरेटर साब" म्हणतो. माणूस देवाचा, पण बिल्ला कुठेही टाकतो. खाली आला की थर्मासपाशी ठेवून चहा ओततो आणि विसरतो. मी दोनदा रागावले.

नेमणूक ३१ मार्चपर्यंतची आहे. काम बरं वाटलं तर पुढे तीन वर्षांची करतील. मला इथे राहायचंय मामा. असं काम मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

पहाटे साडेतीनला डोळ्यांवर झापड येते. तुम्ही काय करायचा? आणि सोनाजीकाकांना नमस्कार सांगा. त्यांच्या हॉटेलावर संध्याकाळचा चहा चालूच असेल.

तुमची,
पल्लवी


गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
२४ ऑक्टोबर २०२५

चि. पल्लवीस,
किशनमामाचे आशीर्वाद व जय भीम.

पत्र मिळालं. तुझ्या मामीनं खरोखर "गारठून गेली" असंच सांगितलं होतं. मी पत्र दाखवलं तर म्हणे, "मंग काय खोटं सांगितलं का?" तिच्या नादी लागत नाही.

साडेतीनचं सांगतो. त्या वेळी खुर्चीत बसायचंच नाही. उभं राहून मीटर बघायचे, चूळ भरायची, बाहेर एक चक्कर मारायची. रात्री भात खायचा नाही, भाकर खायची. तिकडे ज्वारी मिळत नसेल तर तुझ्या आईकडून पीठ मागव, कनेरगाव नाक्यावरून पार्सल जातं.

दुसरं, वही. वेळ आधी लिहायची, मग काम करायचं. काम आधी करून वेळ मागून लिहिली की माणूस आपल्या सोयीची वेळ लिहितो. शाईच्या पेननं लिही. खोडायचं असेल तर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे.

पाहुणे येऊन गेले, वाशिमकडचे. पोरगा बँकेत आहे. त्याच्या बापानं विचारलं, "पोरगी रातभर काय करते म्हणता?" मी म्हणालो, "सबस्टेशनच आहे, जरा वरच्या लायनीचं." त्याला काहीच कळलं नाही, चहा पिऊन गेला. तुझी मामी माझ्यावर चिडून बसली. ती म्हणते, औंढ्याला सरकारचं मोठं विज्ञानाचं केंद्र होऊन राहिलं, पोरीला तिथं काहून येता येत न्हाई? मी म्हणालो, ज्याचं त्याला कळतं.

सोनाजीला नमस्कार सांगितला. एका हातात दोन ग्लास धरून आला आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाला. ओठांवरून कळलं ते असं, की तिथून तारे मोठे दिसतात का हे पल्लवीला विचार. तेवढं लिही. मी त्याला काय सांगणार.

थंडीत कान झाकून घे. माझं बघ काय झालं.

तुझा,
किशनमामा


वेधशाळा वसाहत
९ जानेवारी २०२६

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

मध्ये दोन महिने पत्र लिहिलं नाही. सोनाजीकाकांना सांगा, तारे मोठे नाही दिसत, पण जास्त दिसतात. पिठाचं पार्सल मिळालं. साडेतीनला आता झापड येत नाही.

इथे एक अपघात झाला. मामीला फोनवर सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, आईपर्यंत जाईल.

३ तारखेची गोष्ट. दोन दिवस बर्फ पडून गेलं होतं, त्या दिवशी आभाळ उघडलं. पाहुण्या शास्त्रज्ञांना एक धूमकेतू बघायचा होता, तो पश्चिमेला फार खाली होता, सूर्यापाठोपाठ अर्ध्या-पाऊण तासात मावळणार. त्यांना ती एकच संध्याकाळ होती. ५:१० ला मी ड्यूटीवर आले. ५:२० ला दमटपणा बघितला, ७१. ५:३५ ला वारा बघितला. ५:४० ला शास्त्रज्ञ खोलीत आले. ५:५२ ला मी घुमट फिरवला. संतराम आत शिडीवर होता, घुमटाच्या झडपेच्या रुळातला बर्फ खरवडत होता. शिडी लोटली गेली आणि तो बारा फुटांवरून पडला. आवाज ऐकल्याबरोबर मी सगळं थांबवलं, ५:५२ लाच. टाच मोडली आणि दोन बरगड्या. खालच्या शहरात दवाखान्यात आहे.

त्याचा चार नंबरचा बिल्ला फळ्यावर होता. मी वहीत तसं लिहिलं आहे. तो बिल्ला न घेता चढला असणार. तुम्ही सोनाजीकाकांचं सांगायचा तसंच झालं. तेही परमिट परत करून, सही करून, पुन्हा खांबावर चढले आणि हात गमावून बसले. तेव्हा मी पाच वर्षांची होते. माणसं नियम पाळत नाहीत आणि मग ऑपरेटरच्या जिवाला घोर लागतो.

चौकशी समिती २० फेब्रुवारीला येणार आहे. तोपर्यंत माझ्या मुदतवाढीचा कागद थांबवून ठेवलाय. सगळे म्हणतात तुला काही होणार नाही, वही साफ आहे.

तुमची,
पल्लवी


गोरेगाव
१९ जानेवारी २०२६

चि. पल्लवीस,
जय भीम.

मामीला सांगितलं नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात सगळ्याला वेळ आहे. दमटपणाला वेळ, वाऱ्याला वेळ, शास्त्रज्ञ खोलीत आला त्यालाही वेळ. बिल्ला फळ्यावर केव्हा आला, त्याला वेळ नाही.

बिल्ला कुणी अडकवला?

मी एकतीस वर्षं वह्या लिहिल्या आणि दुसऱ्यांच्या वाचल्या. जिथं माणसाला नजर टाकवत नाही, तिथं तो वेळ लिहीत नाही. किंवा फार बराबर लिहितो.

संतरामच्या घरी कोण कोण आहे, तो कायम आहे की रोजंदारीवर, हेही तू लिहिलं नाहीस. पहिल्या पत्रात तू त्याला देवमाणूस म्हणाली होतीस.

किशनमामा


वेधशाळा वसाहत
२९ जानेवारी २०२६

ती. मामांस,

तुमचं पत्र वाचून मला राग आला. तुमच्याकडून धीराचे दोन शब्द येतील असं वाटलं होतं. पत्र उशीखाली टाकून तीन दिवस तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. आता भांडून झालं आहे.

मी अडकवला.

बिल्ला टेबलावर पडला होता, थर्मासच्या शेजारी. नेहमी तिथेच असतो. मला वाटलं संतराम खाली आला, चहा प्याला आणि विसरून खोलीवर गेला. मागून शास्त्रज्ञ "किती वेळ, किती वेळ" करत होते. मी बिल्ला उचलला, चार नंबरच्या खिळ्याला अडकवला आणि घुमट फिरवला. त्याला हाक मारली नाही. वर जाऊन बघितलं नाही. जिना चढायला दीड मिनिट लागतं मामा. खरं म्हणजे त्यानं बिल्ला काढला होता, पण हातमोजे घालताना टेबलावर ठेवला आणि तसाच वर गेला.

शास्त्रज्ञांची पाठ होती. कुणी बघितलं नाही. कॉम्प्युटरला घुमट फिरल्याचं कळतं, बिल्ला कुणी लावला ते कळत नाही. संतराम दवाखान्यातून म्हणतो, "मैंने तो उतारा था." पण तो काय म्हणतो यापेक्षा वहीत काय आहे ते बघणार. तो कंत्राटी आहे. नियम मोडला असं ठरलं तर दवाखान्याचा खर्च त्याच्यावर आणि कामावरून नाव कमी. घरी बायको आणि दोन मुली. आता सगळं लिहिलं, झालं तुमचं समाधान?

आणि माझंही ऐका. मी खरं सांगितलं तर मला इथून काढतील. पुढे कुठल्याही वेधशाळेत नाव घेणार नाहीत. आपल्या घरातून इथपर्यंत कुणी आलं नव्हतं. हिंगोलीला बी.एस्सी.ला असताना जीपच्या टपावर बसून कॉलेजला जात होते ते तुम्ही बघितलंय. एका बिल्ल्यासाठी सगळं सोडून देऊ?

मी गप्प बसायचं ठरवलं आहे. तुम्हाला सांगितलं कारण तुम्ही विचारलंत. रागवा.

पल्लवी


गोरेगाव
८ फेब्रुवारी २०२६

चि. पल्लवीस,

रागावण्याचा मला हक्क नाही. का नाही ते लिहितो. हे मी तुझ्या मामीलाही कधी सांगितलेलं नाही.

११ मे २००३. मी दुपारच्या पाळीला होतो. सोनाजी तेव्हा नवा लाइनमन, अजून कायम झालेला नव्हता. साडेपाचला त्यानं परमिट घेतलं, वहीत घेतल्याची सही केली. मी त्या लाइनचा फीडर बंद केला. त्याची सायकल गेटच्या आत लिंबाखाली लावलेली असायची. त्या दिवशी तो कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गेला आणि सायकल तिथंच राहिली. ते मी बघितलं नव्हतं.

गावात लग्न होतं. दिवस मावळला तशी मांडवातली माणसं गेटवर आली. "साहेब, नवरी अंधारात बसून राहिली, काहून लाइन सोडत न्हाई?" मी खिडकीतून बघितलं तर लिंबाखाली सोनाजीची सायकल. मला वाटलं, आला वाटतं. लघवीला गेला असेल, येईल सही करायला. मी फीडर चालू केला. सायकल बघून चालू केला, माणूस बघून नाही. तो खांबावर होता.

लोक ओरडत आले तेव्हा मी पहिलं काय केलं, तर फीडर बंद केला. दुसरं काय केलं, तर वही उघडली. परतीच्या सहीच्या रकान्यात सोनाजीची सही मी केली. त्याची सही मला रोज बघून पाठ होती. वेळ टाकली सात पस्तीस. चालू केल्याची वेळ सात चाळीस. मधे पाच मिनिटं ठेवली, म्हणजे बराबर दिसावं. तुझ्या पत्रात बिल्ल्याची वेळ नव्हती, हे मला लगेच कळलं ते असं.

नांदेडला त्याचा हात काढला. एकोणीस दिवसांनी चौकशीवाल्यांनी त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "सही तर माझीच दिसते. मला आठवत न्हाई." मंग लिहिलं गेलं, परमिट परत करून विनापरवाना पुन्हा खांबावर चढला. नोकरी गेली.

जीपस्टँडवर त्याच्या हॉटेलाचे पत्रे मी टाकून दिले. बावीस वर्षं रोज संध्याकाळी तिथं चहा पितो. गावात म्हणतात, किशनरावानं दोस्ती निभावली. आता ऐकू येत नाही, तेवढी तकलीफ कमी झाली.

तुला मी हेच सांगत आलो, की सोनाजी सही करून पुन्हा चढला. तू ते शब्दाला शब्द उचललंस आणि संतरामला लावलंस. वह्या कशा लिहायच्या ते मी तुला शिकवलं, आणि हेही मीच शिकवलं.

माझी नोकरी राहिली, पेन्शन मिळाली. मला काही झालं नाही. काही न झालेला माणूस कसा असतो ते तू बघितलंच आहेस. तू काय करायचं ते तूच ठरव. मी जबरदस्ती करत नाही.

किशनमामा


वेधशाळा वसाहत
२३ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस,
सप्रेम जय भीम.

समिती येऊन गेली. तिघं होते. वही समोर ठेवून त्यांनी विचारलं, "बिल्ला फळ्यावर होता?" मी म्हणाले, "होता. मी अडकवला. ५:५१ ला. संतराम वरच होता, मी बघितलं नाही." त्यांतले एक चष्मा काढून माझ्याकडे वळले. म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हणाले, "भीती वाटली." मग वहीत आधीच्या नोंदीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी खरं लिहून सही केली.

संतरामचा खर्च वेधशाळा देणार, पाय बरा झाला की तो कामावर येणार. मला मुदतवाढ नाही. ३१ मार्चपर्यंत दिवसपाळीला ऑफिसात बसायचं, दुर्बिणीला हात लावायचा नाही. रडले, लपवत नाही. रोज संध्याकाळी घुमट उघडतानाचा आवाज खोलीत येतो तेव्हा बाहेर जाऊन उभी राहते.

संतरामला भेटायला खाली त्याच्या घरी गेले होते. त्याच्या बायकोनं मला दारातून आत घेतलं नाही. तिचं बरोबर आहे. तो आतून "ऑपरेटर साब को चाय तो पिलाओ" म्हणत होता, पण मी परत आले.

दोन-तीन ठिकाणी अर्ज केले आहेत. औंढ्याच्या केंद्राचीही चौकशी केली, मामीला सांगून टाका, खूश होईल. पण मुलाखतीत विचारलं तर हे सगळं सांगणार आहे. त्यामुळे फार आशा ठेवू नका.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी गप्प बसले असते आणि मला मुदतवाढही मिळाली असती. पण तुमच्या पत्रात एका गोष्टीला वेळ नाही मामा. सोनाजीकाकांना हे तुम्ही केव्हा सांगितलं?

तुमची,
पल्लवी


गोरेगाव
१९ मार्च २०२६

चि. पल्लवीस,
किशनमामाचे आशीर्वाद व जय भीम.

सांगितलं नव्हतं. तुझं पत्र ४ तारखेला मिळालं. ५ तारखेला सांगितलं. संध्याकाळी ६:१५.

घरून ठरवून गेलो होतो, की हळूच सांगायचं, हॉटेलात गर्दी नसताना. पण मला ऐकू येत नसल्यामुळे मी किती जोरात बोलतो ते माझं मलाच कळत नाही. मी म्हणालो, "सोनाजी, त्या दिवशी तू परत आलाच नव्हता. परतीची सही मी केली." बोललो आणि बघतो तर जीपस्टँडवरचे सगळे ड्रायव्हर माझ्याकडे वळलेले. सेनगावच्या जीपमध्ये बसलेल्या बायासुद्धा खाली वाकून बघत होत्या. पुंजाजी जीपवाल्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. आता अर्धवट सोडण्यात अर्थ नव्हता. सायकल, लग्न, सात पस्तीस, सगळं सांगितलं. सगळ्या स्टँडानं ऐकलं.

मग सोनाजी बोलायला लागला. पंधरा मिनिटं बोलत होता. त्याचं तोंड हलत होतं, डोळ्यांतून पाणी गळत होतं, मधेच त्यानं चहाची किटली उचलून आपटली. मला एक शब्द ऐकू आला नाही. ओठांकडे बघायची हिंमत होईना. बावीस वर्षांनी माणूस बोलत होता आणि त्याला "जरा जोरानं बोल" कसं म्हणू? मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यानं हॉटेल बंद केलं आणि गेला.

तेरा दिवस हॉटेल उघडलं नाही. तुझ्या मामीला गावातूनच कळलं. तिनं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. म्हणजे ओरडली नाही.

काल संध्याकाळी सोनाजी घरी आला. मी उठून उभा राहिलो. तो बसला नाही. मामीकडे तोंड करून बोलला आणि मामीनं माझ्या कानाशी येऊन सांगितलं. तुला माहीत आहे ती कसं सांगते, एकाचे चार करून. काल तिनं एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. तो म्हणाला, "इतकी वर्षं मी माझ्याच डोक्याला दोष देऊन राहिलो. सही केल्यावर मी परत कामून चढलो, ते रोज रातच्याला आठवायचा परयत्न करायचो. मला वाटायचं, मला येड लागलं होतं. म्हून मी माझ्या लेकराला कधी झाडावर सुदीक चढू दिलं न्हाई. त्यात बी बापाचंच येड असंल म्हून."

एवढं सांगून मामी पदर तोंडाला लावून आत गेली. मी म्हणालो, "सोनाजी, काय करू सांग." त्यानं माझी पाटी मागितली. मामीला कंटाळा आला की माणसं माझ्याशी पाटीवर लिहूनच बोलतात. त्यानं डाव्या हातानं लिहिलं. बावीस वर्षं त्यानं डाव्या हातानं चहा गाळला, पण लिहिताना मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. अक्षरं वाकडीतिकडी, पण वाचता आली. "वहीत लिहितात तसं लिहून दे. वेळ टाक."

मी आतून कागद आणि शाईचं पेन आणलं. तीन प्रती केल्या. एक त्याला दिली, एक आज सकाळी वीज मंडळाच्या हापिसात स्पीड पोस्टानं पाठवली. पेन्शनचं काय करतील ते करतील. तिसरी तुला पाठवायची म्हणून ठेवली होती, पण ती तुझ्या मामीनं पेटीत ठेवली. म्हणून इथं उतरवून काढतो.

त्यानं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि गेला. चहा घेतला नाही. हॉटेल आज उघडलंय असं मामी म्हणाली. मी तिकडे गेलो नाही. बोलावल्याशिवाय जाणार नाही.

तू ३१ ला निघशील तर वारंगा फाट्यावर उतर, मी न्यायला येतो. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना काय सांगायचं त्याचा विचार करू नकोस. खरं ते सांगू.

नोंद अशी आहे:

"दि. ११ मे २००३. संध्याकाळी ५:३० वाजता परमिट दिले, घेणार सोनाजी. परमिट परत आलेले नाही. ७:४० वाजता ऑपरेटरने माणूस न बघता फीडर चालू केला. सोनाजी खांबावर होता. परतीची सही सोनाजीची नाही, ती ऑपरेटरने केली. सोनाजीची काही चूक नाही.

नोंद केल्याची तारीख १८ मार्च २०२६, संध्याकाळी ७:०५.

सही: किशन वाढवे, ऑपरेटर."